हक्करक्षकाचे व्रत

मनुष्याच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या संस्थांविषयी आणि त्यांच्या पुढाऱ्यांविषयी आपल्या समाजात दोन मते प्रचलित आहेत, व ती दोन्ही सारख्याच आवेशाने मांडली जातात. एका मताप्रमाणे हे पुढारी दीनदुबळ्यांचे कैवारी, निर्भय व निःस्वार्थी असे पुरुष होत; दुसऱ्या मताप्रमाणे ते गुन्हेगारांचे वकील व राज्यकर्त्यांच्या अडचणींत हौसेने भर घालणारे उपद्व्यापी लोक होत. आश्चर्याची गोष्ट ही की, हा मतभेद दोन निरनिराळ्या माणसांत असतोच असे नाही. तो पुष्कळदा एकाच माणसाच्या ठिकाणी, कालभेदाने, नांदत असतो. आपल्या पक्षाचा माणूस तुरुंगात पडला म्हणजे त्याला पहिले मत पटते. विरुद्ध पक्षाचा माणूस पडला म्हणजे त्याच गृहस्थाला दुसऱ्या मताचा साक्षात्कार होतो. सामान्य मनुष्याचे असे होत असल्यास आम्ही त्याला फारसा दोष देणार नाही. परंतु हक्करक्षणाचे कार्य ज्यांनी आपण होऊन शिरावर घेतले, त्या पुढाऱ्यांचेही असेच होऊ लागले तर काय म्हणावे? असा पुढारी कसा असावा, त्याचा विशेष धर्म कोणता, आणि त्या धर्मापासून तो कोठे ढळतो, या प्रश्नाचा थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. इतर बहुतेक संस्था आपल्या सभासदांच्या हितासाठी निघालेल्या असतात. गिरणी कामगारांचा संघ कामगारांसाठी, व्यापाऱ्यांचे मंडळ व्यापाऱ्यांसाठी, ज्ञातिसभा ज्ञातीसाठी. अशा संस्थेच्या पुढाऱ्याने स्वजनांचा पक्षपात केला तर तो त्याचा दोष नसून गुणच होय. त्यासाठीच तर त्याला निवडलेले असते. हक्करक्षक संस्थेची गोष्ट अगदी निराळी आहे. ती ज्यांच्यासाठी झटते ते बहुधा तिचे सभासद नसतात, तिच्या कार्याची त्यांना नेहमी कदर असते असे नाही, आणि पुष्कळदा तर ते तिच्या पुढाऱ्यांच्या मतांचे कट्टर वैरी असतात. तेव्हा इतरत्र जो सद्गुण, म्हणजे आपल्या माणसांविषयीची निष्ठा, तोच येथे दुर्गुण ठरण्याचा संभव असतो. ही अडचण केवळ तर्काने काढलेली नाही. आपल्या देशातील अशा संस्थांचा इतिहास पाहिला म्हणजे ती पदोपदी आढळते.

सन १९३६ च्या ऑगस्ट महिन्यात मुंबईस ‘इंडियन सिव्हिल लिबर्टीज युनियन’ या संस्थेची स्थापना झाली. अखिल देशासाठी म्हणून निघालेली या प्रकारची ही पहिली संस्था. तिच्यामागे प्रेरणा जवाहरलाल नेहरूंची. रवींद्रनाथ ठाकूर तिचे सन्माननीय अध्यक्ष, सरोजिनी नायडू कार्याध्यक्षा, आणि के. बी. मेनन हे सरचिटणीस. अमेरिकेत १९२० साली व इंग्लंडात १९३४ साली अशा संस्था निघालेल्या होत्या, त्यांचा नमुना डोळ्यांपुढे होता. संस्था काँग्रेसची बटीक होऊ नये, तिच्यात सर्व मतांच्या लोकांस वाव असावा, असा नेहरूंचा आग्रह होता. आणि नागरिक स्वातंत्र्य म्हणजे मुळात सरकारला विरोध करण्याचे स्वातंत्र्य होय, असे तत्त्वही त्यांनी त्या वेळी निःसंदिग्धपणे सांगितले होते. याहून चांगला प्रारंभ कोणत्या संस्थेस लाभावयाचा?

परंतु पुढच्याच वर्षी, १९३७ साली, काँग्रेसने प्रांतोप्रांती मंत्रिमंडळे बनविली. मद्रास इलाख्यात राजगोपालाचारींच्या कारकिर्दीत बाटलीवाला या समाजवादी कार्यकर्त्यावर राजद्रोहाचे तेच कलम लावण्यात आले, ज्या कलमाखाली टिळकांना व गांधींना शिक्षा झाल्या होत्या. हिंदीच्या सक्तीविरुद्ध चळवळ करणाऱ्यांवर तेथेच क्रिमिनल लॉ अमेंडमेंट ॲक्टचा प्रयोग झाला. हाही कायदा काँग्रेसवाल्यांच्या चांगल्याच परिचयाचा होता. आपल्या मुंबईत बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ व कन्हैयालाल मुनशी हे गृहमंत्री असताना, औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध १९३८ च्या नोव्हेंबरच्या ७ तारखेस डॉ. आंबेडकर व कम्युनिस्ट पुढारी यांनी मिळून कामगारांचा संप घडवून आणला, आणि त्या दिवशी पोलिसांनी गोळीबार केला. ज्यांनी काल गोळीबाराचे निषेध केले त्यांच्याच हाती आज बंदुकीचा परवाना होता. पुढे स्वातंत्र्य आले, राज्यघटना आली. आणि ती अंमलात येऊन महिना लोटतो न लोटतो तोच, १९५० च्या फेब्रुवारीत, विनाचौकशी स्थानबद्धतेचा कायदा मध्यवर्ती विधिमंडळात मंजूर झाला. एका वर्षापुरता म्हणून केलेला हा कायदा मुदतवाढीमागून मुदतवाढ घेत १९६९ अखेरपर्यंत जगला. तो मांडणारे सरदार पटेल, व मंत्रिमंडळाचे धुरीण नेहरू. उभयतांनीही आयुष्याची कित्येक वर्षे परकीय सरकारच्या तुरुंगांत घालविली होती.

या इतिहासावरून नेहरूंना किंवा पटेलांना दांभिक ठरविणे सोपे आहे. ते आम्ही करणार नाही. देशाची फाळणी नुकतीच झालेली, तेलंगणात सशस्त्र उठाव चाललेला, निर्वासितांचे लोंढे येत असलेले, अशा परिस्थितीत राज्य चालविण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती त्यांच्या अडचणी खऱ्या होत्या. आमचा मुद्दा निराळा आहे, आणि तो आमच्या मते दंभाच्या आरोपाहून अधिक गंभीर आहे. या थोर माणसांनी आपले तत्त्व सोडले नाही; त्यांनी ते तत्त्व नकळत एका गृहीतावर उभारले होते, आणि ते गृहीत परिस्थिती पालटताच उघडे पडले. गृहीत असे की, नागरिकाला हक्कांची ढाल लागते ती वाईट राज्यकर्त्यांपासून. राज्यकर्ते चांगले असले म्हणजे ढालीची तितकीशी जरूर उरत नाही. आता प्रत्येक राज्यकर्ता स्वतःला चांगलाच समजत असतो. इंग्रज व्हाइसरॉयही तसेच समजत होते. सबब हे गृहीत धरून चालणाऱ्याच्या हाती सत्ता आली म्हणजे ढाल आपोआप खाली पडते, आणि ती पडल्याचा आवाजही त्याला ऐकू येत नाही.

त्या काळातही सावध राहिलेली माणसे नव्हती असे नाही. पुण्यात भारत सेवक समाजाचे एस. जी. वझे यांनी १९४९ च्या सुमारास नागरिक स्वातंत्र्यालाच वाहिलेले एक लहानसे इंग्रजी नियतकालिक सुरू केले, आणि स्वराज्यातील स्थानबद्धतेचे कायदे त्याच काटेकोरपणे तपासण्यास प्रारंभ केला, ज्या काटेकोरपणे परराज्यातील कायदे तपासले जात. गोखल्यांच्या नेमस्त परंपरेतील माणसाने हे करावे यात एक औचित्य आहे. ज्याला जहाल म्हणवून घेण्याची हौस नव्हती, त्याला राज्य कोणाचे आहे याची फिकीर करण्याचे कारण पडले नाही. कायदा काय म्हणतो, एवढेच त्याने पाहिले.

दुसरा अध्याय आणीबाणीचा. १९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी पुकारली गेली, सहस्रावधी माणसे विनाचौकशी कोंडली गेली, आणि १९७६ च्या एप्रिलच्या २८ तारखेस सर्वोच्च न्यायालयाच्या पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी असा निर्णय दिला की, आणीबाणी चालू असता स्थानबद्धास हेबिअस कॉर्पसचा अर्ज घेऊन न्यायालयाचे दार ठोठावता येत नाही. नऊ उच्च न्यायालयांनी याच्या उलट मत दिले होते. सर्वोच्च न्यायालयात मात्र एकटे न्यायमूर्ती खन्ना विरुद्ध गेले, आणि पुढल्या जानेवारीत सरन्यायाधीशपद त्यांना डावलून कनिष्ठाकडे गेले. स्थानबद्धांच्या बाजूने उभे राहिलेल्या वकिलांत विठ्ठल महादेव तारकुंडे हे होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये जयप्रकाश नारायण यांच्या प्रेरणेने ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज अँड डेमोक्रॅटिक राइट्स’ ही संस्था निघाली, तिचे तारकुंडे हे अध्यक्ष व कृष्णकांत हे सरचिटणीस झाले.

पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. १९७७ च्या निवडणुकीत इंदिरा गांधींचा पराभव झाला, जनता पक्ष अधिकारारूढ झाला, आणि संस्था जवळजवळ निद्रिस्त झाली! तिच्यातील कित्येक मंडळी लोकसभेत गेली. आता आपलेच राज्य आले, तेव्हा हक्कांचे रक्षण ते करीलच, अशी सर्वांची समजूत झाली. १९३७ सालचीच ही पुनरावृत्ती. जनता सरकारने चांगल्या गोष्टी केल्या नाहीत असे नाही. मिसा रद्द केला, आणि चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने जीविताचा हक्क आणीबाणीतही अबाधित ठेवला. परंतु त्याच दुरुस्तीतील स्थानबद्धतेवर नियंत्रण घालणारे कलम आजतागायत अंमलात आणले गेलेले नाही. कोणत्याही पक्षाच्या सरकारने त्याची तारीख जाहीर केली नाही. आणि १९७९ च्या अखेरीस काळाबाजारवाल्यांसाठी म्हणून स्थानबद्धतेचा नवा वटहुकूम निघाला तेव्हा प्रधानमंत्री होते चरणसिंग, जे स्वतः आणीबाणीत स्थानबद्ध होते. इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्या तेव्हा, म्हणजे १९८० साली, संस्थेस जाग आली. नव्या घटनेने व ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’ या आटोपशीर नावाने ती पुन्हा उभी राहिली. तारकुंडे अध्यक्ष, अरुण शौरी सरचिटणीस. पुढे १९८४ च्या दिल्लीतील शिखांच्या हत्याकांडाची चौकशी करून भगिनीसंस्थेसह तिने अहवाल काढला, दूरध्वनी चोरून ऐकण्यावर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून निर्बंध घालवून घेतले, आणि २००१ मध्ये अन्नाच्या हक्काची फिर्याद गुदरली. या कार्याचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु मधली तीन वर्षांची झोप ही तिच्या इतिहासातील सर्वांत बोधप्रद गोष्ट आहे असे आम्हांस वाटते.

त्या झोपेच्या काळातही तारकुंडे स्वतः जागे होते, हे येथे सांगितले पाहिजे. सासवडचे हे गृहस्थ. जन्म १९०९ चा. शिक्षण विलायतेतील बॅरिस्टरीचे. १९५७ ते १९६९ मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. मानवेंद्रनाथ रॉय यांच्या पक्षाचे ते एक प्रमुख, आणि १९४८ साली तो पक्षच विसर्जित करून पक्षविरहित राजकारणाचा पुरस्कार करणाऱ्यांपैकी. कम्युनिझमचे तत्त्वज्ञान त्यांनी पूर्ण विचारांती टाकून दिलेले. असे असता १९७७ साली, आंध्र प्रदेशात पोलिसांशी झालेल्या तथाकथित चकमकींत मारल्या गेलेल्या नक्षलवादी तरुणांच्या मृत्यूची चौकशी करण्यासाठी जयप्रकाशांनी समिती नेमली, तेव्हा तिचे अध्यक्षपद तारकुंड्यांनी पतकरले, आणि खेडोपाडीच्या साक्षी घेऊन या चकमकी नसून हत्या होत असा निष्कर्ष काढला. ज्यांच्यासाठी हे केले ते तरुण तारकुंड्यांच्या उदारमतवादाला भांडवलदारांचे थोतांड म्हणणारे होते. ते जर कधी सत्तेवर आले असते तर तारकुंड्यांसारख्यांची गत काय झाली असती, हे तारकुंड्यांनाही ठाऊक असले पाहिजे. तरी त्यांनी हे काम केले. हक्करक्षकाच्या धर्माचा यापेक्षा स्पष्ट दाखला आम्हांस आपल्या इकडे आढळत नाही.

येथे पूर्वपक्ष असा उपस्थित होईल की, जो दुसऱ्याचे हक्क मानीतच नाही, त्याच्या हक्कांसाठी झटण्यात शहाणपण ते कोणते? सापाला दूध पाजण्यासारखेच ते नव्हे काय? हा आक्षेप पोरकट नाही. तो थोरामोठ्यांनी मानलेला आहे. अमेरिकेतील ‘सिव्हिल लिबर्टीज युनियन’ ही या प्रकारच्या संस्थांची मातामही. तिने १९४० मध्ये, रॉजर बाल्डविन यांच्याच नेतृत्वाखाली, एलिझाबेथ गर्ली फ्लिन या आपल्या संचालिकेला ती कम्युनिस्ट पक्षाची सभासद आहे एवढ्याच कारणावरून काढून टाकले. तिने कोणते गैर कृत्य केले, असा प्रश्न नव्हता. कोणत्या पक्षाची, हाच प्रश्न होता. सरकारने माणसांस याच कसोटीने शिक्षा करू नये म्हणून जी संस्था निघाली, तिनेच ती कसोटी आपल्या घरात लावली. १९७६ साली, बाईंच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, संस्थेने तो ठराव मागे घेतला. पुढच्याच वर्षी तिच्यापुढे दुसरी परीक्षा उभी राहिली. शिकागोजवळच्या स्कोकी नावाच्या गावी, जेथे हिटलरच्या छळछावण्यांतून वाचलेले पुष्कळ यहुदी राहत होते, तेथे मिरवणूक काढण्याची परवानगी अमेरिकन नाझींनी मागितली. गावाने बंदी घातली. आणि संस्थेने नाझींचे वकीलपत्र घेतले. त्या वेळी संस्थेचे कार्यकारी प्रमुख होते आर्ये नायर, जे स्वतः बर्लिनमध्ये जन्मलेले यहुदी असून ज्यांचे कुटुंब नाझींच्या भीतीने परागंदा झाले होते. सहस्रावधी सभासदांनी संस्था सोडली. नायर ढळले नाहीत.

या दोन प्रसंगांत योग्य कोणता? आमच्या मते दुसरा. आणि त्याचे कारण उदारपणा नव्हे, विवेक हे आहे. सापाला दूध पाजण्याची उपमा येथे लागू पडत नाही. कारण साप कोण, हे ठरविण्याचा अधिकार आपण या प्रकरणात कोणाला देतो आहोत, हाच तर खरा प्रश्न आहे. तो अधिकार आज गावच्या कमिटीला दिला म्हणजे तो उद्या दुसऱ्या गावच्या कमिटीलाही दिल्यासारखा होतो, आणि तेथे बहुमत आपलेच असेल अशी हमी कोण देणार? शिवाय अधिकाऱ्याचा जुलूम नेहमी अप्रिय माणसापासून सुरू होतो, लोकप्रिय माणसापासून नव्हे. ज्या वेळी कोणाच्याही मनाला वाईट वाटत नाही त्या वेळी नवी रीत पाडून घ्यावी, हे कोणत्याही शहाण्या सत्तेस कळते. म्हणून हक्करक्षकाला अप्रियांच्या उंबरठ्यावरच पहारा करावा लागतो. तेथून तो हटला तर पुढच्या ओळीत प्रियजनांसाठी झगडण्यास त्याला जागाच उरत नाही.

दुसरा पूर्वपक्ष अधिक अवघड आहे. सरकारच्या हिंसेविरुद्ध बोलणारे हे पुढारी सरकारशी लढणाऱ्यांच्या हिंसेविषयी मौन का धरतात? पोलिसाने मारलेल्याला हक्क असतात, मग बंडखोराने मारलेल्या गावकामगाराला नसतात काय? याला ठरीव उत्तर असे दिले जाते की, सरकार कायद्याच्या नावाने मारते, म्हणून त्याला कायद्याचा जाब विचारावयाचा. बंडखोर गुन्हेगार असेल तर त्याच्यासाठी पोलीस व न्यायालये आहेतच. हे उत्तर खोटे नाही, पण पुरेही नाही. आंध्र प्रदेशातील के. बालगोपाल यांना ते पुरे वाटले नाही. वरंगळच्या काकतीय विद्यापीठात गणित शिकविणाऱ्या या विद्वानाने तेथील नागरिक स्वातंत्र्य समितीचे सरचिटणीसपद अनेक वर्षे सांभाळले. ते काम किती जोखमीचे होते हे यावरून कळेल की, १९८५ मध्ये याच समितीचे उपाध्यक्ष डॉ. रामनाथम्, जे मुलांचे वैद्य होते, त्यांना गोळ्या घालून ठार मारण्यात आले. अशा परिस्थितीत, ज्यांच्यासाठी आपण छळ सोसला त्यांच्याही हिंसेचा जाब विचारला पाहिजे, असे बालगोपाल म्हणू लागले. मतभेद विकोपास जाऊन ते समितीबाहेर पडले, आणि १९९८ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ह्यूमन राइट्स फोरम’ काढला. सरकारशी भांडणे हे धैर्य खरेच. परंतु त्या भांडणात मनुष्याच्या पाठीशी त्याचे सोबती असतात. बालगोपालांनी सोबत्यांशी भांडण घेतले, आणि ते करताना सरकारला एका शब्दाचीही सूट दिली नाही. हे अधिक एकाकी धैर्य होय.

आता वाचक विचारतील की, खासगी संस्थांचे पुढारी असे पक्ष, स्नेह व सत्ता यांच्या ओढीत सापडतात, तर हे काम सरकारनेच कायद्याने नेमलेल्या तटस्थ आयोगाकडे का न सोपवावे? तसे ते सोपविलेही आहे. १९९३ च्या कायद्याने राष्ट्रीय मानवाधिकार आयोग त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये अस्तित्वात आला. त्याच्या अध्यक्षपदी सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त सरन्यायाधीशच असावेत असा प्रथम नियम होता. २०१९ च्या दुरुस्तीने त्या न्यायालयाच्या कोणाही निवृत्त न्यायमूर्तीस ते पद खुले झाले, व मुदत पाचावरून तीन वर्षांवर आली. निवड करणाऱ्या समितीत प्रधानमंत्री, गृहमंत्री, लोकसभेचे अध्यक्ष, राज्यसभेचे उपसभापती व दोन्ही सभागृहांतील विरोधी पक्षनेते असतात. आयोगाला चौकशी करता येते, साक्षीदार बोलावता येतात, शिफारस करता येते. हुकूम करता येत नाही. सैन्यदलांविरुद्ध तक्रार आली तर केंद्र सरकारकडून अहवाल मागविण्यापलीकडे त्याचा हात फारसा पोहोचत नाही. चौकशीच्या कामावर पोलीस खात्यातूनच माणसे घेतली जातात, आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारीही तीच तपासतात. हा आक्षेप मुख्यत्वे ध्यानी घेऊन जागतिक संघाने २०२३ व २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षे आयोगाच्या प्रथम दर्जाच्या मान्यतेचा निर्णय पुढे ढकलला.

तथापि आयोगाचा इतिहास केवळ दुबळेपणाचा आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याचे पहिले अध्यक्ष रंगनाथ मिश्र यांनी १९९५ मध्ये टाडा कायद्याची मुदत वाढवू नये म्हणून संसदेच्या सभासदांस पत्रे लिहिली, आणि त्या वर्षी तो कायदा संपुष्टात आला. हेच मिश्र १९९८ मध्ये एका राजकीय पक्षाचे सभासद म्हणून राज्यसभेत जाऊन बसले. २००२ मध्ये गुजरातेतील दंगलींच्या वेळी अध्यक्ष जे. एस. वर्मा स्वतः तेथे गेले व राज्य सरकारच्या कर्तव्यच्युतीबद्दल त्यांनी स्पष्ट शब्दांत लिहिले. पुढल्या वर्षी, न्या. आनंद अध्यक्ष असता, बेस्ट बेकरीच्या खटल्यातील आरोपी सुटले तेव्हा आयोगच सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि तो खटला अखेर आमच्या मुंबईस नव्याने चालविण्यात आला. कायदा तोच, अधिकार तेच. फरक पडला तो माणसांमुळे, आणि कित्येकदा एकाच माणसाच्या दोन काळांमुळे.

नेमणूक करणाऱ्याचाच न्याय करावयाचा प्रसंग आला म्हणजे महाराष्ट्रीय मनाला रामशास्त्री प्रभुण्यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. पेशव्यांचे अन्न खाऊन, नारायणरावाच्या १७७३ मधील खुनाबद्दल राघोबादादांस देहान्त प्रायश्चित्त सांगणारा आणि मग पुणे सोडून जाणारा हा न्यायाधीश परंपरेने आमच्या अंतःकरणात अढळ करून ठेविला आहे. तो आदर योग्यच आहे. परंतु या कथेत आमच्याकडून एक गोष्ट नेहमी सुटते. रामशास्त्र्यांचा निकाल आम्हांस मनापासून पटतो, कारण मेलेला मुलगा निरपराध होता व राघोबा आम्हांस आवडत नाहीत. त्याच खुनाच्या कथेत आणखी एक आरोपी आहे. आनंदीबाईने आज्ञापत्रातील ‘ध’चा ‘मा’ केला, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. तो वाक्प्रचारच होऊन बसला. ही आख्यायिका आहे, सिद्ध झालेला गुन्हा नव्हे. त्या बाईला कोणी बाजू मांडू दिली? अडीचशे वर्षे उभा महाराष्ट्र तिला रोज नव्याने शिक्षा सांगत आहे, आणि रामशास्त्र्यांचे गोडवेही त्याच तोंडाने गात आहे. सत्तेला निर्भयपणे दोषी ठरविणाऱ्याचे आम्हांस कौतुक आहे. अप्रिय आरोपीची बाजू ऐकून घ्या म्हणणाऱ्याचे कौतुक आमच्या परंपरेला अजून करावयाचे आहे. न्यायप्रीतीच्या या दोन भागांपैकी पहिला आम्ही घेतला, दुसरा टाकला.

हे आम्ही उंचावरून बोलत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यास पोलिसांनी पकडून नेले. वर्गात तो आमच्याशी वाद घालीत असे, आणि त्याची मते आम्हांस तेव्हाही तिरस्करणीय वाटत, आजही वाटतात. त्याचे दोघे सहाध्यायी एक अर्ज घेऊन सायंकाळी आमच्याकडे आले. अर्जात त्याच्या मतांचे समर्थन नव्हते; त्याला वकिलाची भेट मिळावी व त्याच्यावर आरोप असेल तो लवकर न्यायालयापुढे मांडावा, इतकेच होते. आम्ही चष्मा पुसला, अर्ज दोनदा वाचला, भाषेतील एक चूक दाखविली, आणि निवांतपणे पाहून कळवितो असे सांगितले. ते चहा न घेताच गेले. अर्ज आमच्या मेजाच्या खणात राहिला. पुढे तो मुलगा सुटला; त्याच्यावरील आरोप टिकला नाही. त्यानंतर एकदा रस्त्यात भेटला तेव्हा त्याने वाकून नमस्कार केला, आणि आम्ही विचारलेल्या प्रकृतीच्या प्रश्नाला ‘बरी आहे, सर’ असे उत्तर देऊन तो निघून गेला. नागरिक स्वातंत्र्यावर आम्ही वर्गात तीस वर्षे व्याख्याने दिली आहेत. त्या विषयाची आमची खरी परीक्षा एका सायंकाळी एका सहीपुरती झाली, आणि तीत आम्ही उतरलो नाही.

म्हणून या पुढाऱ्यांविषयी आमची अपेक्षा आम्ही सरळ शब्दांत सांगतो. हक्करक्षक संस्थेचा पुढारी विद्वान नसला तरी चालेल, वक्ता नसला तरी चालेल, मुत्सद्दी नसला तर उत्तमच. मात्र आपले मित्र सत्तेवर आले त्या दिवशी त्याने अधिक जागे राहिले पाहिजे. पद सोडून राजकारणात किंवा सरकारी मानाच्या जागेवर जाताना, आपण मागे काय ठेवून जात आहो याचा हिशेब उघडपणे दिला पाहिजे. ज्यांचा कैवार घेतला त्यांच्या दुष्कृत्यांवर पांघरूण घालता कामा नये. आणि वर्षातून निदान एकदा तरी त्याच्या संस्थेने अशा माणसासाठी झटले पाहिजे की, ज्याच्यासाठी झटल्याबद्दल तिचेच सभासद रागावतील. ज्या संस्थेचे सर्व सभासद वर्षभर संतुष्ट असतात ती संस्था हक्कांचे रक्षण करीत नसून पक्षाचे काम करीत आहे, असे खुशाल समजावे.

असे पुढारी थोडे असणार, हे उघड आहे. ते थोडे असतात याचे एक कारण असे की, त्यांच्यामागे उभे राहावयास आम्ही तयार नसतो. ते आमच्या शत्रूसाठी बोलू लागले म्हणजे आम्ही वर्गणी बंद करितो, आणि आमच्यासाठी बोलू लागले म्हणजे त्यांची पूजा करितो. मग त्यांनी आमच्यापुरतेच बोलावे असे त्यांनाही वाटू लागले तर दोष एकट्या त्यांचा नव्हे. पुढारी शोधण्यास आम्ही निघालो होतो. शोध घेता घेता सहीपुरत्या धैर्याची मागणी आमच्याच दारी येऊन उभी राहिली आहे. तो अर्ज अजून आमच्या खणात आहे. त्याचा आता उपयोग नाही. पण पुढला अर्ज येईल, आणि तोही बहुधा आम्हांस न आवडणाऱ्याच कोणासाठी असेल.